फणसोंबा आणि शरीरातले राखणदार

पाऊस स्थिरावला की पेणजवळ महामार्गाच्या कडेला आदिवासी बायका रानातली अळंबी पानांवर मांडून बसतात. ती कालवणाची. रोह्याकडे जुन्या फणसाच्या खोडावर येणारा फणसोंबा मात्र लाकडासारखा टणक, तपकिरी. तो शिजत नाही. लहान मुलाची लाळ गळत असेल, तोंड आले असेल तर कोकणात तो सहाणेवर उगाळून लावतात. बुरशीच्या अभ्यासात त्याची जागा फेलिनस गटात आहे.

याच गटातल्या एका जातीचा अर्क १९६८ मध्ये टोकियोत तेत्सुरो इकेकावा यांनी गाठी असलेल्या उंदरांना टोचला. गाठींची बहुतेक वाढ खुंटली. पुढच्याच वर्षी गोरो चिहारा यांनी शिताके अळंबीतून लेंटिनान हे द्रव्य वेगळे केले. त्याची गंमत अशी, की ते कर्करोगाच्या पेशींना स्वतः मारत नाही. जन्मतःच थायमस ग्रंथी काढलेल्या उंदरांत तर त्याचा गुण आलाच नाही. शरीराची राखण करणाऱ्या टी पेशी तयार होतात त्या थायमसमध्येच. म्हणजे काम औषधाचे नव्हे, औषधाने जागे केलेल्या राखणदारांचे!

हे जागवणे घडते कसे? अळंबीच्या पेशीभित्तीत बीटा-ग्लुकान ही लांब साखळीची शर्करा असते; लेंटिनान हा तिचाच एक प्रकार. आपले शरीर ती बनवत नाही, म्हणून ती लगेच परकी ठरते. महाभक्षक पेशींवरचा डेक्टिन-१ हा ग्राही तिला पकडतो. २००१ मध्ये त्याची ही ओळख पटली. बुरशीने हल्ला केला असे समजून पेशी रासायनिक हाकाटी करते आणि टी पेशी, नैसर्गिक मारक पेशी सावध होतात.

जपानने लेंटिनानला १९८५ मध्ये जठराच्या कर्करोगासाठी मान्यता दिली, तीही केमोथेरपीच्या जोडीला. रेशी अळंबीवरच्या पाच चाचण्यांचा, ३७३ रुग्णांचा आढावा २०१६ मध्ये कोक्रेनने घेतला. केमो किंवा रेडिएशनसोबत रेशी घेणाऱ्यांचा प्रतिसाद बरा होता. एकट्या रेशीने गाठ तेवढ्या प्रमाणात आटल्याचे दिसले नाही. माझ्या मते या अळंब्यांची जागा तेवढीच, मदतनिसाची.

राखणदारांना थेट शिकवून तयार करण्याचे काही काम तर आपल्याच रायगड जिल्ह्यात, खारघरच्या टाटा स्मारक केंद्राच्या कर्करोग संशोधन संस्थेत, अ‍ॅक्ट्रेकमध्ये झाले. रुग्णाच्याच टी पेशी बदलून परत देणाऱ्या 'नेक्सकार१९' उपचाराची चाचणी तिथे झाली आणि २०२३ मध्ये त्याला परवानगी मिळाली.

घरात कर्करोगाचा रुग्ण असेल, तर अळंबीच्या पावडरीवर विसंबून उपचार थांबवू नका. ती सुरू असेल तर डॉक्टरांना सांगा. शस्त्रक्रिया ठरली असेल तर आधी सांगा, कारण रेशीमुळे रक्त गोठण्यावर परिणाम होऊ शकतो.