हे रील स्क्रोल करायचं नाही, फिरवायचं!

रील म्हटलं की आपला अंगठा आपसूक मोबाइलकडे वळतो. पण संध्याकाळी वांद्र्याच्या बँडस्टँडला, मढ-मार्व्याला किंवा मालवणच्या जेटीवर चक्कर मारलीत, तर वेगळ्याच रीलमध्ये गुंतलेली मंडळी दिसतील. एका हातात रॉड, दुसऱ्या हातात रीलचं हँडल आणि नजर पाण्यावर. शहरात याला अँगलिंग म्हणतात, कोकणात सरळ ‘गरवणं’. सुट्टीत गावी गेल्यावर काकांच्या मागे खडकावर जाऊन बसलेल्या अनेकांना आता स्वतःचा सेट घ्यायचाय. गाडी अडते ती रीलपाशी. ऑनलाइन शोधलं की काहीशे रुपयांपासून काही हजारांपर्यंतची रील्स समोर येतात आणि प्रत्येकाच्या खोक्यावर आकड्यांचा पाऊस!

पॉकेटमनीतून पैसे साठवून घेणाऱ्यांसाठी थोडक्यात सांगायचं तर खोक्यावर ठळक छापलेल्या आकड्यांना भुलू नका. ड्रॅग गुळगुळीत सुटतो का, दोरा जिच्यावरून सरकतो ती छोटी चकती फिरते का आणि घरी आल्यावर तुम्ही रील धुता का, या तीन गोष्टींवर स्वस्तातलं रील किती टिकणार ते ठरतं.

आधी हे ठरवा, रील लागतंच का?

जेटीवरून किंवा खाडीच्या धक्क्यावरून गळ सरळ खाली सोडायचा असेल तर रीलशिवायही भागतं. प्लास्टिकच्या बाटलीला तंगूस गुंडाळून, शिसं आणि गरी बांधून आरामात शिंगाळे काढणारे जुनेजाणते आजही दिसतात. त्यांचा खर्च शे-दोनशेच्या वर जात नाही. रील लागतं ते दोन कामांसाठी. एक म्हणजे लांब फेकायला आणि दुसरं म्हणजे मोठा मासा लागल्यावर त्याला दोरा देत-घेत दमवायला. पुळणीवरून लाटांच्या पलीकडे आमिष टाकायचंय किंवा खडकावरून तांबोशी, जिताड्यासाठी नकली मासा फेकायचाय, तर रीलला पर्याय नाही.

नवख्यांसाठी रीलचा प्रकार एकच, स्पिनिंग रील. हे रॉडच्या खाली लटकतं आणि फेकताना त्याचं स्पूल, म्हणजे दोरा गुंडाळलेलं रीळ, जागचं हलत नाही. दोरा वेटोळ्यांनी सुटत जातो. या बेताच्या रीलचं पेटंट १९०५ मध्ये आल्फ्रेड इलिंगवर्थ या कापड उद्योगातल्या इंग्रज गृहस्थानं घेतलं. गिरणीतल्या बॉबिनवरून सुटणारं सूत पाहून त्यांना ही कल्पना सुचली, असं सांगतात. याउलट बेटकास्टिंग रीलमध्ये स्पूलच गरगर फिरतं. अंगठ्यानं त्याला आवर घालायची सवय नसेल, तर पहिल्याच फेकीत दोऱ्याचं घरटं होतं. ते पुढे शिका, सुरुवात त्यानं नको.

४००० म्हणजे किती?

रीलवर २५००, ४०००, ६००० असे आकडे असतात. ते ना मीटर असतात, ना किंमत. तो रीलचा आकार. प्रत्येक कंपनीचं माप थोडं वेगळं असल्यानं एकाचं ४००० दुसऱ्याच्या ५००० च्या जवळपासही असू शकतं. ढोबळमानानं खाडीतल्या हलक्या कामाला २५०० पुरतं. पुळणीवर दहा-बारा फुटी रॉड आणि जड शिसं वापरायचं तर ६००० किंवा त्याहून मोठं लागतं. एकाच रीलवर खडक, जेटी आणि जमेल तेवढी पुळण असं सगळं निभवायचं असेल, तर आठ-नऊ फुटी रॉडवर ४००० ते ५००० घ्या. ‘मोठं घेतलेलं बरं’ हा हिशेब इथे चालत नाही. जड रील दोन तास फेकून बघा, मनगटच उत्तर देईल.

स्पूलवर ‘०.३० – २००’ असं काही छापलेलं असतं. याचा अर्थ ०.३० मिलिमीटर जाडीचा दोरा २०० मीटर मावतो. ‘५.२:१’ हा गिअर रेशो. हँडलच्या एका फेऱ्यात दोरा गुंडाळणारा भाग ५.२ वेळा फिरतो. स्पूलचा व्यास ५ सेंटिमीटर असेल, तर एका फेऱ्यात साधारण ८० सेंटिमीटर दोरा परत येतो. नवख्यांना पाचाच्या आसपासचा रेशो छान पुरतो.

बेअरिंगची जाहिरात, ड्रॅगचं काम

स्वस्त रीलच्या जाहिरातीत सगळ्यात मोठ्यानं ओरडणारा आकडा बेअरिंगचा. ‘१२+१ बेअरिंग’ वाचलं की ३+१ वालं रील गरीब वाटायला लागतं. पण बारा हलक्या बेअरिंगपेक्षा तीन चांगली कधीही परवडली. खाऱ्या पाण्यात प्रत्येक हलकं बेअरिंग म्हणजे गंजायची आणखी एक जागा.

दुसरा फसवा आकडा ‘मॅक्स ड्रॅग’चा. ड्रॅग म्हणजे रीलचा ब्रेक. मासा जोरात ओढायला लागला की ठरावीक ताणानंतर स्पूल फिरतं, दोरा सुटतो आणि तुटण्यापासून वाचतो. हा ताण दोऱ्याच्या ताकदीच्या पाव ते एक तृतीयांश ठेवायचा, असा साधा नियम आहे. तुमचा दोरा २० पाउंडाचा, म्हणजे ९ किलोचा असेल, तर ड्रॅग सव्वादोन ते तीन किलोवर. मग खोक्यावरच्या ‘१२ किलो मॅक्स ड्रॅग’चं करायचं काय? महत्त्व आहे ते दोन-तीन किलोवर ड्रॅग झटका न देता सुटण्याला. अडखळत सुटणारा ड्रॅग ऐन वेळी दोरा तोडतो. मासा जातो तो जातोच, तोंडात गरी आणि मागे लोंबणारा दोरा घेऊन जातो.

ड्रॅग सेट करायला वजनकाटा नसला तरी चालतं. एका पिशवीत पाण्याच्या एक लिटरच्या दोन भरलेल्या बाटल्या ठेवा, म्हणजे झाले दोन किलो. रॉडचं टोक खाली पिशवीकडे धरून, दोरा सरळ ठेवून पिशवी उचला. दोन बाटल्या उचलल्या जाव्यात आणि तिसरी टाकल्यावर दोरा सुटायला लागावा. झालं काम!

दुकानात हे करून पाहा

• हँडल हळू फिरवा. खरखर किंवा मध्येच अडकल्यासारखं वाटलं तर बाजूला ठेवा.
• हँडल उलटं फिरवून पाहा. ते लगेच थांबायला हवं, सैल डुगडुगायला नको.
• ड्रॅगची नॉब अर्धवट आवळा आणि दोरा हातानं ओढा. सुरुवातीला झटका बसतो का ते पाहा.
• दोरा गुंडाळताना जिच्यावरून जातो ती चकती, म्हणजे लाइन रोलर, बोटानं फिरते का ते तपासा. मिठानं सगळ्यात आधी जाम होते ती हीच.
• स्पूलच्या कडेवर नख फिरवा. खरवड लागली तर ती दोराही खरवडणार.

ऑनलाइन मागवत असाल तर पार्सल उघडल्यावर पाण्यात जाण्याआधी याच पाच गोष्टी तपासा. एकदा वाळू-पाणी लागलं की बदलून मिळणं अवघड.

पैसे कुठे घालायचे?

शिमानो, दायवा, ओकुमा अशा नावाजलेल्या कंपन्यांची सुरुवातीची मॉडेल्स साधारण दीड ते तीन हजारांच्या पट्ट्यात मिळतात. समजा तुमच्याकडे चार हजार जमलेत. त्यातले दोन हजार रीलला, हजार-बाराशे साध्या फायबरच्या रॉडला आणि उरलेले दोरा, गरी, शिसं यांना अशी वाटणी करा. रॉड, रील, दोरा, बॅग सगळं हजारात देणारे कॉम्बो दिसायला भारी असतात, पण त्यात नेमकी रीलवरच काटकसर झालेली असते.

बॉडी ग्रॅफाइटची असली तरी नाक मुरडू नका. ताण आल्यावर ती थोडी लवते, पण गंजत नाही. धातूची बॉडी कणखर, पण रंग उडाला की तिथून खराब व्हायला लागते. दोऱ्यातही घाई नको. वेणीसारखा विणलेला ब्रेड दोरा बारीक असतो आणि लांब जातो, पण महाग आणि खडकावर घासला की चटकन तुटतो. शिकेपर्यंत साधा नायलॉनचा तंगूस उत्तम. पुढे ब्रेड भरलात तर स्पूलवर आधी थोडा तंगूस गुंडाळा, नाहीतर ब्रेड स्पूलवर घसरतो. दोरा कोणताही असो, स्पूलच्या कडेपासून दोन-तीन मिलिमीटर खालीच थांबा.

खरा शत्रू मीठ

या किमतीतली रील्स सहसा पाणी आत जाणार नाही अशी बंदिस्त नसतात. म्हणून रील वाळूत टेकवायचं नाही. पुळणीवर रॉड उभा करायला मीटरभर पीव्हीसी पाइपचा तुकडा वाळूत रोवा, मस्त स्टँड होतो. फेकल्यावर दोऱ्यावरची तारेची कडी हँडल फिरवून बंद न करता हातानं बंद करा, दोऱ्याला पीळ कमी पडतो.

घरी आल्यावर ड्रॅग आवळा, म्हणजे पाणी आतल्या वॉशरपर्यंत जाणार नाही. मग नळाच्या हलक्या धारेखाली रील धुवा. जोराचा फवारा नको आणि बादलीत बुडवणं तर नकोच, त्यानं मीठ आत जातं. पुसून सावलीत वाळवा आणि ठेवताना ड्रॅग सैल करा. लाइन रोलर आणि हँडलच्या मुठीला अधूनमधून शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब द्या, ड्रॅगच्या वॉशरला मात्र नाही. पाच मिनिटांचं काम आहे, पण आळस केलात तर पाच हजारांचं रीलही एका सीझनमध्ये गुरगुरायला लागतं.

राहिलेले पैसे पकड असलेल्या बुटांवर घाला. शेवाळलेल्या खडकावर चपला घालून, एकट्यानं, भरतीची वेळ न बघता जाणं हे कुठल्याही माशापेक्षा महाग पडतं. पावसाळ्यात उधाणाच्या लाटा खडकांवर फुटत असताना तर रॉड घरीच राहू दे. कार्बनचा रॉड असेल तर विजा कडाडताना आणि विजेच्या तारांखाली तो हातात नको, कारण कार्बनमधून वीज वाहते. आणि तुटलेला तंगूस खिशात घालून परत आणा. खडकात अडकलेला दोरा कुजत नाही, त्यात पाय अडकतात ते पक्ष्यांचे. लहान मासा लागला तर पुन्हा पाण्यात सोडा. तो मोठा होईपर्यंत तुमचं रीलही टिकलेलं असेल, धुतलंत तर!