वॉकी-टॉकी घेताय? आधी लहर कोणाची ते पाहा

गेल्या काही वर्षांत कापड बाजारात, बांधकामावर, लग्नाच्या हॉलमध्ये वॉकी-टॉकी सर्रास दिसू लागला आहे. दुकान एका गल्लीत, गोदाम दुसऱ्या गल्लीत. बटण दाबले, दोन ताके मागवले, काम झाले. सोय चांगली आहे, यात वाद नाही. पण आपला संच कोणत्या लहरीवर बोलतो, हे घेणाऱ्याला बहुधा ठाऊक नसते आणि विकणारा सांगत नाही. ती लहर सरकारची असू शकते. म्हणून व्यापारी बांधवांसाठी हा खुलासा.

आपले बोलणे कोण ऐकणार, असे वाटते. ऐकण्यासाठी स्कॅनर नावाचे यंत्र असते. तोही रेडिओच, पण एका स्टेशनावर ठरत नाही. शेकडो लहरी एकामागून एक चाचपत जातो आणि आवाज लागला की थांबतो. पोलीस, रेल्वे, अग्निशमन दल यांच्या बोलण्याची रीत ठरलेली असते. आधी संकेतनाम, मग मोजके शब्द, मग शांतता. त्याच लहरीवर कोणी चहा मागवला किंवा लट्ठ्याचा भाव सांगितला, तर ऐकणारा लगेच ओळखतो की हा माणूस इथला नाही.

याचे नामी उदाहरण ब्राझीलचे. अमेरिकेच्या नौदलाने १९७८ पासून फ्लीटसॅटकॉम नावाचे उपग्रह सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवर सोडले. त्यांची रचना साधी आहे. खालून एका लहरीवर आलेला आवाज दुसऱ्या लहरीवर जसाच्या तसा खाली पाठवायचा. बोलणारा नौदलाचा की परका, हे उपग्रह विचारतच नाही. ॲमेझॉनच्या जंगलात टेलिफोन पोहोचत नव्हता. तिथल्या ट्रकवाल्यांनी हौशी रेडिओच्या साध्या संचाला थोडी तारजोड केली आणि त्या उपग्रहावरून हजारो किलोमीटर गप्पा मारू लागले. या धंद्याला तिथे ‘बोलिन्या’ असे नावही पडले. मागाहून बेकायदा लाकूडतोडेही त्यात शिरले आणि पोलीस आले की एकमेकांना खबर देऊ लागले. घरी स्कॅनर असलेल्या हौशी लोकांना नौदलाच्या लहरींवर पोर्तुगीज भाषेतल्या या गप्पा स्पष्ट ऐकू येत. मार्च २००९ मध्ये ब्राझीलच्या पोलिसांनी अनेक राज्यांत छापे घालून ३९ संशयितांना पकडले.

इथे एक बारीक मुद्दा आहे. ऐकणाऱ्याला तो आवाज उपग्रहाकडून येत होता. म्हणून बोलणारा ट्रक कुठे उभा आहे, हे आवाजाच्या दिशेवरून कळत नव्हते. त्यामुळे ही माणसे बरीच वर्षे निभावून गेली. आपल्या हातातल्या वॉकी-टॉकीला असा आडोसा नाही. दोन ठिकाणांहून ॲंटेना फिरवून दिशा घेतली, की जिथे दोन रेषा मिळतात तिथे बोलणारा सापडतो. हेच काम करणारी वायरलेस मॉनिटरिंग ऑर्गनायझेशन दूरसंचार विभागाकडे आहे आणि तिचे केंद्र मुंबईतही आहे.

बाजारात मिळणारे स्वस्त चिनी संच साधारण १३६ ते १७४ आणि ४०० ते ४८० मेगाहर्ट्झ या पट्ट्यांत कुठेही लावता येतात. पोलीस आणि रेल्वे यांच्या लहरी याच पट्ट्यांत येतात. एका लहरीवर दोघे एकाच वेळी बोलले तर ज्याचा आवाज जोरदार, तोच ऐकू येतो, दुसरा दबतो. तुम्ही स्टेशनाजवळच्या गोदामातून हमालाला हाक मारली आणि त्याच क्षणी गाडीचा गार्ड (आता त्याला ट्रेन मॅनेजर म्हणतात) ड्रायव्हरला काही सांगत असला तर? यात हेतू वाईट नव्हता, एवढे म्हणून भागत नाही. दुसऱ्याच्या अमानतीत हात घालण्यासारखेच ते आहे.

कायदा जुना आहे. १९३३ च्या वायरलेस कायद्याने विनापरवाना संच नुसता जवळ ठेवणेही गुन्हा ठरवले. २०२३ च्या दूरसंचार कायद्यात दुसऱ्याचा संदेश बेकायदा टिपण्याला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन कोटी रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षा आहे. तेव्हा हौस म्हणून स्कॅनर घेऊन पोलिसांचे बोलणे ऐकू पाहणाऱ्या तरुणांनी सावध असावे. सूरह हुजुरातमध्ये तजस्सुसला मनाई आहे, ती वेगळीच. आणि आमच्या वस्तीत असा संच सापडला, तर चौकशी संचापुरती थांबत नाही, हे काय सांगायला हवे?

मग घ्यावे काय? २०१८ च्या नियमांनी ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झ या पट्ट्यातले कमी ताकदीचे संच परवान्यातून मोकळे केले आहेत. दुकान-गोदामाच्या कामाला ते पुरतात. मात्र त्या मॉडेलला सरकारी मान्यता, म्हणजे ‘ईटीए’, हवी. ऑनलाइन जाहिरातीवर विसंबू नये. मे २०२५ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने लहर आणि परवान्याची माहिती न देता वॉकी-टॉकी विकण्याबद्दल ऑनलाइन विक्रेत्यांना १३ नोटिसा काढल्या होत्या. विकणाऱ्याकडून पक्के बिल घ्यावे आणि मॉडेल, लहरीचा आकडा व ईटीए क्रमांक त्यावर लिहून मागावा. तो टाळाटाळ करू लागला, तर दुसरे दुकान पाहावे. मोठ्या पल्ल्याचा संच लागतच असेल, तर दूरसंचार विभागाच्या ‘सरल संचार’ पोर्टलवर आधी परवान्याचा अर्ज करावा आणि परवाना हाती आल्यावरच माल उचलावा.