घरातले कोळी : ओळख आणि बंदोबस्त

घरात कोळी दिसला की आपण एक तर दचकून बाजूला होतो, नाही तर पायातली वहाण उगारतो. हा कोळी कोणता आणि तो घरात का आला, हे विचारण्याची तसदी सहसा कोणी घेत नाही. वस्तुतः तो आपल्यासाठी आलेला नसतो. घरातल्या माशा, डास आणि झुरळे यांच्यासाठी आलेला असतो.

प्रथम हे ध्यानात घ्यावे की, कोळी हा कीटक नव्हे. कीटकाला पाय सहा, कोळ्याला आठ. नात्याने तो विंचवाच्या गोतातला. आपल्या घरांत त्याचे तीन प्रकार वारंवार भेटतात. पहिला, छताच्या कोपऱ्यातला, काडीसारख्या लांब पायांचा. जाळ्याला धक्का लागताच तो सर्वांगाने थरथरू लागतो. कोपऱ्यांत धूळ साचून लोंबणारी जळमटे बहुधा याचीच. दुसरा, पाय पसरले की तळहाताएवढा होणारा चपटा, तपकिरी कोळी. हा जाळे विणत नाही. रात्री भिंतीवरून फिरून झुरळे पकडतो. लिनियसने 1767 साली याचे शास्त्रीय वर्णन केले. याची मादी अंड्यांची चपटी, पांढरी थैली पोटाखाली धरून हिंडते. तिसरा, खिडकीपाशी टुणकन उडी मारून माशी धरणारा छोटा कोळी. याच्या आठ डोळ्यांपैकी पुढचे दोन चांगलेच मोठे असतात.

बहुतेक कोळ्यांना विष असते हे खरे. परंतु या तिघांचे विष किड्यांपुरतेच. मोठा कोळी चिमटीत दाबला तर चावेल आणि दुखेल, पण त्याने जिवाला धोका नाही.

मग अंगावर फोड उठले की ‘कोळी फिरला’ असे आपण म्हणतो, त्याचे काय? तेथे खरा गुन्हेगार बहुधा निराळाच असतो. पावसाळ्यात दिव्याकडे येणारा एक लांबट, तांबूस-काळा, मुंगीसारखा दिसणारा भुंगेरा अंगावर चिरडला गेला, तर त्याच्यातील द्रवाने कातडी भाजल्यासारखी होते. तो चिरडू नये, फुंकरीने उडवावा आणि ती जागा साबणाने धुवावी. शरीराच्या एकाच बाजूस पट्ट्याने उठणारे, ठणकणारे फोड ही मात्र बहुधा नागीण असते. तिच्यावरील औषध पहिल्या तीन दिवसांत सुरू झाले तर अधिक गुण येतो. फोड डोळ्याजवळ असतील तर दृष्टीलाही धोका असतो. अशा वेळी कोळ्याला दोष देत घरगुती लेप लावीत बसणे म्हणजे मोलाचे दिवस दवडणे होय.

आता बंदोबस्त. आठवड्यातून एकदा लांब दांड्याच्या झाडूने छताचे कोपरे, कपाटांच्या मागच्या बाजू आणि माळा झाडावा. जाळ्यांबरोबर अंड्यांच्या थैल्याही काढाव्यात. दाराखालच्या फटी बुजवाव्यात, खिडक्यांना बारीक जाळी लावावी आणि रद्दीचे ढीग साठवू नयेत. रात्री उघड्या खिडकीजवळचा दिवा उगाच जळत ठेवू नये, कारण दिव्यावर किडे येतात आणि किड्यांमागून कोळी. खरकटे वेळच्या वेळी आवरले की झुरळे कमी होतात, आणि शिकारच नसेल तर शिकारी फार दिवस मुक्काम करीत नाही. एवढे करूनही मोठा कोळी आलाच, तर त्याच्यावर रुंद भांडे उपडे घालून खालून पुठ्ठा सरकवावा आणि त्याला अंगणात सोडावे. विषारी फवारे मारण्याची गरज नाही. कोळ्यापेक्षा तो फवारा रांगत्या मुलाला अधिक बाधण्याचा संभव आहे.