आठाचा पाढा अवघड नाही!

तिसरी-चौथीतले मूल पाढ्यांना घाबरते आणि ती धास्ती दहावीपर्यंत त्याची पाठ सोडत नाही. गणितात मागे पडलेले मूल हळूहळू शाळेतूनच अंग काढून घेते. म्हणून आयांनी आणि थोरल्या ताई-दादांनी एक साधी गोष्ट मुलांना घरीच दाखवावी, असे आम्हाला वाटते.

पावाची लादी घ्या. समजा तिच्यात 3 ओळी आहेत आणि दर ओळीत 4 पाव. झाले 12. आता लादी आडवी फिरवा. ओळी 4 झाल्या, दर ओळीत पाव 3. पाव तेवढेच! संख्यांची अदलाबदल केली तरी गुणाकार बदलत नाही. शाळेच्या पुस्तकात याला 'क्रमनिरपेक्षता' म्हणतात. नाव ऐकून मूल बिचकते, लादी पाहून बिचकत नाही.

1 ते 10 च्या पाढ्यांत 100 गुणाकार असतात. उलटसुलट येणारे एकदाच धरले तर उरतात 55. त्यातून 1, 2, 5 आणि 10 चे सोपे पाढे वगळा. खरी मेहनत फक्त 21 गुणाकारांची! सातापर्यंतचे पाढे आलेल्या मुलाला आठाचा पाढा जवळजवळ आलेलाच असतो. 'आठ साते' अडले तर 'सात आठे छप्पन्न' आठवावे. नवे शिकायचे ते 'आठ आठे चौसष्ट' आणि 'आठ नव्वे बहात्तर' एवढेच. पण हे त्याला कोणी सांगतच नाही. मूल बिचारे पहिल्यापासून घोकत बसते.

मोठ्यांनाही याचा उपयोग आहे. बचत गटात 17 जणी, दरमहा 250 रुपये, 4 महिने झाले. किती जमले? 250 ला आधी 17 ने गुणत बसू नका. 250 चोक 1000, आणि 17 जणींचे 17,000. कागदसुद्धा लागत नाही. टक्केवारीतही तसेच: 50 चे 18 टक्के काढायचे तर 18 चे 50 टक्के काढा, म्हणजे निम्मे, 9.

मात्र ही अदलाबदल बेरजेत आणि गुणाकारातच चालते, हे मुलांना आवर्जून सांगा. भागाकारात ती चालत नाही. 12 भाकरी 3 जणांत वाटल्या तर प्रत्येकाला 4 मिळतात. 3 भाकरी 12 जणांत वाटल्या तर वाट्याला पाव भाकर येते.