स्क्रम प्रमाणपत्र परीक्षेची तयारी : जोयडा तालुक्यातील विद्यार्थ्यांच्या संदर्भात

प्रस्तावना :
उत्तर कन्नड जिल्ह्यातील जोयडा हा जंगलव्याप्त तालुका. संगणक क्षेत्रात जाऊ इच्छिणाऱ्या येथील पदवीधरास बेळगाव, गोवा, पुणे किंवा बेंगळूर गाठावे लागते. तेथे 'स्क्रम' प्रमाणपत्राची विचारणा होते. कमी खर्चात या परीक्षेची तयारी कशी करावी, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

संकल्पना :
२००१ साली अमेरिकेत १७ तज्ज्ञांनी 'अजाईल' जाहीरनामा मांडला. त्यात ४ मूल्ये व १२ तत्त्वे आहेत. स्क्रम ही त्याच विचारातील कार्यपद्धती केन श्वाबर व जेफ सदरलँड यांनी १९९५ मध्ये मांडली. मोठे काम एक महिना किंवा त्याहून कमी मुदतीच्या 'स्प्रिंट'मध्ये विभागणे, प्रत्येक टप्प्याअखेर झालेले काम तपासणे व पुढील दिशा सुधारणे, हे तिचे सार होय.

परीक्षेची निवड :
१) स्क्रम अलायन्सच्या परीक्षेपूर्वी प्रशिक्षणवर्ग सक्तीचा आहे. ५० पैकी ३७ उत्तरे बरोबर लागतात. प्रमाणपत्राचे दर दोन वर्षांनी नूतनीकरण करावे लागते.
२) स्क्रम डॉट ऑर्गच्या पहिल्या पातळीच्या परीक्षेस वर्गाची सक्ती नाही. ६० मिनिटांत ८० प्रश्न असून ८५ टक्के गुण आवश्यक आहेत. प्रमाणपत्राची मुदत संपत नाही.
वर्गाची फी न परवडणाऱ्यास दुसरा मार्ग सोयीचा ठरतो.

तयारी :
मूळ आधार 'स्क्रम गाईड' हाच. तिची २०२० ची आवृत्ती अवघी १३ पानांची असून विनामूल्य मिळते. ती एकदा उतरवून घेतल्यास इंटरनेटविना वाचता येते. ३ जबाबदाऱ्या, ५ घटना व ३ साधने यांचा परस्परसंबंध समजून घ्यावा. केवळ पाठांतर पुरत नाही. उदाहरणार्थ, रोजची १५ मिनिटांची बैठक स्क्रम मास्टरने चालवावी असा समज असतो. प्रत्यक्षात ती काम करणाऱ्या 'डेव्हलपर्स'ची असते. स्प्रिंट रद्द करण्याचा अधिकार फक्त प्रॉडक्ट ओनरला असतो.

कन्नड वा मराठी माध्यमातील विद्यार्थ्यास इंग्रजी वाचनाचा वेग महत्त्वाचा, कारण एका प्रश्नास ४५ सेकंदच मिळतात. ३० प्रश्नांची मोफत सराव चाचणी वारंवार, घड्याळ लावून सोडवावी. मुख्य परीक्षा मात्र वीज व इंटरनेट खात्रीचे असेल तेथेच द्यावी.

निष्कर्ष :
प्रमाणपत्र नोकरीची हमी देत नाही. अनुभवाची जागाही घेत नाही. तथापि महाविद्यालयातील एखादा प्रकल्प चौघापाचांनी दोन-दोन आठवड्यांच्या टप्प्यांत पूर्ण केल्यास परीक्षेची तयारी व मुलाखतीत सांगण्याजोगा अनुभव, दोन्ही साध्य होतात.