फंक्शन टेबल शोधतं तरी कुठे?

एक फंक्शन आहे. मालाचा कोड दिला की कराचा दर सांगतं. डेव्हलपरच्या स्क्रीनवर ते बिनचूक चालतं. वेब ॲप्लिकेशनमधून तेच बोलावलं की एसक्यूएल०२०४ ही एरर येते: टेबल सापडत नाही. टेबल तर जागेवर आहे! मग बिघडलं काय?

हे कोडं आयबीएम आय सिस्टिमवर काम करणाऱ्यांना हमखास भेटतं. १९८८ साली आलेल्या एएस/४०० या मिडरेंज कॉम्प्युटरचा हा आजचा वारस. इथे टेबलं 'लायब्ररी'त राहतात आणि एसक्यूएलच्या भाषेत लायब्ररी म्हणजेच स्कीमा. एकाच नावाचं टेबल चाचणीच्या लायब्ररीत असतं आणि खऱ्या कामाच्या लायब्ररीतही असतं. फंक्शनमध्ये लायब्ररी न लिहिता नुसतं टेबलाचं नाव लिहिणं म्हणजे पाकिटावर फक्त 'जोशी' लिहिण्यासारखं आहे. कुठले जोशी, हे कुणीतरी ठरवायला हवं.

ते ठरवण्याच्या दोन रीती आहेत. 'सिस्टिम नेमिंग'मध्ये चालू जॉबची लायब्ररी लिस्ट पाहिली जाते. तीत एकामागून एक लायब्ररी तपासतात आणि त्या नावाचं जे टेबल आधी सापडेल ते घेतात. 'एसक्यूएल नेमिंग'मध्ये लिस्ट बघतच नाहीत, नावाला एकच डिफॉल्ट स्कीमा जोडतात. आपण वेगळा नेमला नसेल, तर तो सहसा युजरच्याच नावाचा असतो.

आता खरी मेख. एसक्यूएलमध्ये लिहिलेल्या फंक्शनचं नेमिंग ते *तयार करताना* ठरतं, बोलावताना नाही. सिस्टिम नेमिंगने तयार केलेलं फंक्शन दर वेळी बोलावणाऱ्या जॉबची लिस्ट बघतं. एसक्यूएल नेमिंगने तयार केलेल्या फंक्शनमधल्या साध्या, म्हणजे स्टॅटिक, क्वेरींना स्कीमा तेव्हाच चिकटतो. म्हणून वेब कनेक्शनचं नेमिंग बदलून फंक्शनच्या आतलं टेबल सापडत नाही. त्या बदलाचा परिणाम होतो तो खुद्द फंक्शन कुठे शोधायचं यावर.

सुरुवातीच्या उदाहरणात बहुधा सिस्टिम नेमिंग आहे: डेव्हलपरच्या लिस्टमध्ये ती लायब्ररी आहे, वेबच्या जॉबमध्ये नाही. एरर आली म्हणजे नशीबच म्हणा. एररशिवाय चुकीचं उत्तर येणं जास्त वाईट. लिस्टमध्ये चाचणीची लायब्ररी आधी असेल, तर फंक्शन जुने, खोटे दर देईल आणि कुणाला पत्ताही लागणार नाही. चाचणीच्या स्कीमाला चिकटलेलं फंक्शन खऱ्या कामाला लावलं तरी तेच होईल. ग्राहकाचं बिल चुकल्यावरच ते उघडकीला येतं.

मग शोध कसा घ्यायचा? या क्रमाने जा.

१. एरर ज्या जॉबमध्ये येते त्याच जॉबमधून लायब्ररी लिस्ट बघा. क्यूएसवायएस२ मधला 'लायब्ररी लिस्ट इन्फो' व्ह्यू ती दाखवतो. स्वतःच्या स्क्रीनवरची लिस्ट बघून काही कळणार नाही.

२. तिथेच 'करंट पाथ' बघा. एकाच नावाची दोन फंक्शन्स असतील, तर कदाचित तुम्हाला हवं ते नव्हे, दुसरंच चालतंय.

३. फंक्शन कुठल्या नेमिंगने बनलं ते तपासा. फंक्शनमागे एक सर्व्हिस प्रोग्रॅम असतो. त्यावर 'प्रिंट एसक्यूएल इन्फर्मेशन' कमांड चालवली की नेमिंग दिसतं.

४. जॉब लॉग वाचा. टेबल कुठे शोधलं, हे मेसेजमध्येच लिहिलेलं असतं.

उपाय गरजेप्रमाणे. टेबल कायम एकाच लायब्ररीत राहणार असेल, तर लायब्ररीसकट पूर्ण नाव लिहा. एकच फंक्शन चाचणीत आणि प्रत्यक्ष कामात, दोन्हीकडे वापरायचं असेल, तर ते सिस्टिम नेमिंगने तयार करा आणि प्रत्येक कनेक्शनची लिस्ट स्पष्टपणे ठरवून द्या. एक लक्षात असू द्या: क्रिएट फंक्शनच्या सेट ऑप्शनमध्ये नेमिंग लिहिता येत नाही. ज्या सेशनमधून ते स्टेटमेंट चालवाल, त्याचंच नेमिंग फंक्शनला लागतं. त्यामुळे ते कुठून आणि कुठल्या सेटिंगने चालवायचं, हे सोर्सच्या पहिल्या ओळीत कॉमेंट म्हणून लिहून ठेवा. दोन वर्षांनी तो कोड दुसरंच कुणीतरी उघडेल, तेव्हा शोध तिथूनच सुरू होईल.