नक्कल करा, पण जागा अडवू नका

चंद्रपूर किंवा गडचिरोलीत राहून सॉफ्टवेअर लिहिणारी एखादी विद्यार्थिनी डोळ्यांसमोर आणा. लॅपटॉप जुना, २५६ जीबीची डिस्क भरत आलेली. प्रकल्प चालतोय आणि त्यात एक बदल करून पाहायचाय, पण चालतं ते मोडायचं नाही. म्हणून ती अख्खं फोल्डर कॉपी करते. त्यात तिचा कोड थोडा. बाकी हजारो लायब्ररी फाइली आणि कंपायलरने तयार केलेला माल. नुसता कोड उचलला, तर बिल्ड पहिल्यापासून करावा लागतो.

यावरचा उपाय फाइल सिस्टिममध्येच आहे, ‘कॉपी-ऑन-राइट’. सामायिक सातबाऱ्यावर दोन भावांची नावं, जमीन एकच. वाटणी फक्त ज्या तुकड्यात बदल होईल त्याची, असा हा व्यवहार. नक्कल करताना मजकूर हलत नाही. नव्या फाइलची नोंद डिस्कवरच्या जुन्याच ब्लॉकशी जोडली जाते. कुठल्याही प्रतीत काही लिहिलं, की तेवढाच भाग नव्या जागी जातो आणि दुसरी प्रत जशीच्या तशी राहते. एकाच फाइलला दुसरं नाव देणाऱ्या हार्ड लिंकमध्ये ही सुरक्षितता नाही; तिथे जागेवर केलेला बदल दोन्हीकडे उमटतो.

अशी सोय असलेली बीटीआरएफएस ही फाइल सिस्टिम लिनक्समध्ये २००९ साली आली, ॲपलने एपीएफएस २०१७ मध्ये मॅकवर आणली. लिनक्सच्या ‘सीपी’ आदेशाला ‘रीफ्लिंक’ हा पर्याय आहे, आणि २०२१ च्या आवृत्तीपासून तो शक्य तिथे आपणहून वापरला जातो.

बिल्डचा खरा फायदा मात्र एका बारीक गोष्टीवर अवलंबून आहे. १९७६ साली स्टुअर्ट फेल्डमन यांनी बेल लॅब्जमध्ये लिहिलेलं ‘मेक’ फाइलींच्या वेळा ताडून काय पुन्हा कंपाइल करायचं ते ठरवतं. नकलेत त्या वेळा बदलल्या, तर वाचवलेलं काम पुन्हा होऊ शकतं. म्हणून ‘सीपी’ला वेळा जपणारा ‘-ए’ पर्याय सोबत द्यावाच. ‘सीमेक’ हे बिल्डचं साधन तर फोल्डरचा पूर्ण पत्ता नोंदवून ठेवतं आणि जागा बदललेली दिसली की अडून बसतं. फाइली फार असतील, तर प्रत्येकीची नवी नोंद करण्यातही वेळ जातो. अशा वेळी प्रकल्पाला बीटीआरएफएसचा स्वतंत्र सबव्हॉल्यूम, म्हणजे तिच्यातलाच वेगळा विभाग, द्यावा. मग अख्ख्या फोल्डरचा स्नॅपशॉट, म्हणजे त्या क्षणाची प्रत, क्षणात निघतो.

ही नक्कल बॅकअप नव्हे. सामायिक ब्लॉक खराब झाला की दोन्ही प्रती जातात. पेनड्राइव्हवर वेगळी प्रत हवीच.

उबुंटू बसवताना आपसूक मिळणाऱ्या ईएक्सटी४ या फाइल सिस्टिममध्ये कॉपी-ऑन-राइटची ही सोय नाही. फेडोराच्या डेस्कटॉपवर २०२० पासून बीटीआरएफएसच येते. आपल्याकडच्या महाविद्यालयांनी प्रयोगशाळेत लिनक्स बसवताना ती निवडावी, असं मला मनापासून वाटतं. त्याला वेगळा पैसा लागत नाही, आणि लहान डिस्कवर काम करणाऱ्यांनाच तिची सर्वाधिक गरज आहे.